भग्नानंद

भग्नानंदाला धडधाकट इमारत बघवत नाही. छप्पर जागच्या जागी, भिंतीला साधी चीर नाही, दारं-खिडक्या नीट लागतात, असं काही समोर आलं की त्याला जांभया येतात. तेच छत खाली येऊ द्या, खांबाचं डोकं उडू द्या, कमानीच्या सांध्यातून एखादं रानअंजीर वर येऊ द्या. लगेच त्याचा श्वास जड होतो, हात वहीकडे जातो आणि काळापुढे कोणाचं काही चालत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य तोंडून निघतं. ते वाक्य त्यानं सकाळी न्याहारीलाच तयार करून ठेवलेलं असतं.

हा गृहस्थ अठराव्या शतकातला. मुक्काम रोम, अधूनमधून पॅरिस, लंडन. कधी तो चित्रकार असतो, कधी चित्र विकत घेणारा इंग्रज उमराव, तर कधी आपल्या बागेत नवीकोरी पडकी कमान बांधून घेणारा जमीनदार. धंदे वेगळे, स्वभाव एकच. आणि गंमत अशी, की पडझडीचं एवढं वेड असलेल्या या माणसाइतका टापटिपीचा माणूस शोधून सापडायचा नाही. त्याला पडकं हवं, पण नीट पडलेलं. खांब तुटावा, पण डाव्या हाताला. वेल चढावी, पण शिलालेखाची अक्षरं सोडून. ऊन तिरपं यावं. मध्यभागी झगा पांघरलेला एक म्हातारा हात वर करून काहीतरी सांगत असावा आणि त्याचं ऐकणारी चार माणसं चार वेगवेगळ्या दिशांना बघत असावीत.

खुद्द रोमनं या बाबतीत त्याची फार निराशा केली होती. ज्या फोरमला सीझरचे पाय लागले, तिथे तेव्हा गुरं चरायची. लोक त्या जागेला सरळ गुरांचं मैदान म्हणायचे. खांब निम्मे मातीत गाडलेले, उरलेल्या निम्म्याला बैल पाठ घासणार. कोलोसियमच्या कमानींत सोऱ्याच्या कारखान्यासाठी शेणखत साठवलेलं. ट्रेजनचा स्तंभ घरांच्या गर्दीत अडकलेला, सेस्टियसचा पिरॅमिड शहराच्या तटात चिणलेला. पॅन्थिऑननं तर कहर केला होता: ते पडलंच नव्हतं! 609 साली त्याचं चर्च झालं, तेव्हापासून आत प्रार्थना चालू, वर अख्खा घुमट, पुढे बाजार. बरं, यातलं एक बघून दुसऱ्याकडे जायचं तर भर उन्हात तंगडतोड. एवढा खर्च करून, आल्प्स ओलांडून आलेल्या माणसानं घरी जाऊन सांगायचं काय? गाईंबद्दल?

ही अडचण ज्यांनी सोडवली त्यांत पहिलं नाव जोव्हान्नी पाओलो पानिनीचं. पिआचेन्झाचा हा मुलगा विशीत, 1711 मध्ये, रोमला आला. नेपथ्य आणि यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) ही त्याची मूळ विद्या. पुढे रोममधल्या फ्रेंच अकादमीत तो यथादर्शन शिकवायचाही. त्यानं काय केलं, तर सगळ्या अवशेषांना जागेवरून उठवलं आणि लग्नातल्या फोटोसारखं एका रांगेत उभं केलं. पॅन्थिऑन डावीकडे, कोलोसियम मागे, ट्रेजनचा स्तंभ उंच म्हणून कडेला, पिरॅमिड लांबचा नातेवाईक म्हणून पार टोकाला. मधले रस्ते, घरं, बाजार, गुरं, सगळं गायब. पुढे मोकळी जागा राहिलीच, तर फार्नेसे हर्क्युलिस नाहीतर बोर्गेझे कलश आणून ठेवायचा. प्रत्येक वस्तू खरी, तंतोतंत, मोजून मापून काढलेली. फक्त ती सगळी मिळून पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाहीत.

अशा चित्राचा सौदा कसा होत असेल याची कुठे नोंद नाही, पण चित्रं बघितली की तो ऐकू येतो.

“सरकार, मार्कस ऑरेलियस घोड्यासकट घालू?”

“घाला. आणि तो मरणारा ग्लॅडिएटर?”

“तो झाडाखाली बसेल. सावली आहे तिथे.”

“पिरॅमिडचे वेगळे द्यावे लागतील?”

“छे हो, तो मागे आहे, धुक्यात. मागच्यांचे आम्ही घेत नाही.”

“कोलोसियम जरा जास्त शाबूत वाटतंय.”

“पाडू की! उद्या सकाळी या.”

यावर उमराव संतुष्ट होतो. त्याच्याबरोबर घरून पाठवलेला मास्तर असतो, तो व्हर्जिलची एखादी ओळ म्हणून दाखवतो आणि उमरावाला ती कळल्यासारखी वाटते.

यातलं टोक गाठलं ते फ्रेंच राजदूत काउंट द स्टँव्हिल यांनी. त्यांनी 1757 च्या सुमारास पानिनीकडून ‘प्राचीन रोम’ आणि ‘आधुनिक रोम’ अशी जोडचित्रं करवून घेतली. ‘प्राचीन रोम’मध्ये एक भलीमोठी दालनांची रांग आहे आणि तिच्या भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत, चौकटीला चौकट लावून, अवशेषांची चित्रंच चित्रं. खाली पुतळे. मध्ये स्वतः काउंट, हातात प्रवाशांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक. म्हणजे अवशेष पाहायला बाहेर पडण्याचीसुद्धा गरज उरली नाही. ऊन नाही, शेण नाही, हिवताप नाही. भग्नानंदाचा स्वर्ग म्हणतात तो हाच. (चित्र इतकं आवडलं की काउंटनी आणखी प्रत करवली, आणि आज या चित्रांच्या आवृत्त्या न्यूयॉर्क, पॅरिस, बॉस्टन अशा विखुरल्या आहेत.)

जागेवरून हलवण्याची ही खोड एकट्या पानिनीची नव्हे. त्याच्या कितीतरी आधी क्लोद लोरँनं रोमच्या टेकडीवरचा व्हिला मेदिची उचलून थेट समुद्रकाठी नेऊन ठेवला होता, समोर जहाजं लागलेली. व्हेनिसच्या कानालेत्तोनं सान मार्को चर्चच्या दर्शनी भागावरचे चार घोडे खाली उतरवून चौकात चौथऱ्यांवर उभे केले. शिवाय रिआल्तोचा पूल काढताना असलेला पूल काढून टाकला आणि पालादिओनं आखलेला, पण कधीच न बांधलेला पूल तिथे घातला. उत्तरेकडचा कास्पर डाव्हिड फ्रीडरिख या सगळ्यांपेक्षा गंभीर चेहऱ्याचा. पण बाल्टिकच्या सपाट किनाऱ्यावरचा एल्डेनाचा पडका मठ त्यानंही एका चित्रात उचलला आणि दूरच्या रीझनगेबिर्गच्या डोंगरांत नेला. वर माइसनचं बऱ्यापैकी उभं असलेलं कॅथीड्रल चित्रात पाडून ठेवलं. धार्मिक माणूस होता, त्यामुळे पाडतानाही श्रद्धेनं पाडलं.

कागदावरच्या या रोमची सवय झालेला माणूस खऱ्या रोममध्ये आला की त्याचं काय व्हायचं, ते जर्मन कवी गटेकडे पाहून कळतं. पिरानेसीच्या कोरीव चित्रांत काराकाल्लाची स्नानगृहं आभाळाला टेकलेली, तळाशी मुंगीएवढी माणसं. ती डोक्यात ठेवून गटे प्रत्यक्ष जागेवर गेला आणि जरा हिरमुसला. चित्राइतकी मजा तिथे नव्हती. त्याचं सांत्वन त्याच्या मित्रानं, टिशबाइननं केलं. त्यानं 1787 मध्ये गटेला रोमबाहेरच्या माळावर, फुटक्या दगडांवर रेलून बसवलं. मागे जलवाहिनीच्या कमानी, सेसिलिया मेटेल्लाची कबर, बाजूला एक जुनं शिल्प, अंगावर पांढरा शुभ्र झगा. तो झगा त्या दगडांवर मळत कसा नाही, हा प्रश्न ज्यानं विचारायचा त्यानं विचारावा. चित्र फ्रँकफुर्टच्या श्टेडल संग्रहालयात आहे आणि जर्मनीत ते पोस्टरापासून कपबशीपर्यंत सगळीकडे दिसतं. खाली नीट बघितलं तर कवीचे दोन्ही पाय डावे आहेत. अवशेष मात्र बिनचूक.

भग्नानंद घरी कसा राहतो, हे पाहायचं असेल तर रोममध्येच, स्पॅनिश पायऱ्यांच्या माथ्यावरच्या त्रिनिता देइ मोंती मठात जायचं. तिथे पेर ल स्यूर नावाचे एक गणिती साधू राहत. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’वर भाष्य लिहिणाऱ्या दोघांपैकी ते एक. 1766 च्या सुमारास त्यांच्या खोलीच्या भिंती क्लेरिसो नावाच्या चित्रकारानं अशा रंगवल्या, की दार उघडलं की आपण एका पडक्या मंदिराच्या गाभाऱ्यात उभे. भिंतींना भगदाडं, भगदाडांतून झाडं, छताच्या तुळया उघड्या पडलेल्या आणि त्यांच्यामधून निळं आभाळ. सामानही त्याच थाटाचं: बिछाना म्हणजे नक्षीदार दगडी हौद, लिहायचं मेज म्हणजे फुटकी शवपेटी, खुर्ची म्हणजे उलटं ठेवलेलं स्तंभशीर्ष. कुत्र्यालासुद्धा सोडलं नाही. त्याच्यासाठी ढासळलेल्या कोनाड्याचं घर.

सामान आता गेलं, भिंती आहेत. त्या बघताना राहून राहून ल स्यूर डोळ्यांपुढे येतात. ज्यानं सगळी हयात गुरुत्वाकर्षणात घालवली, त्याच्या डोक्यावर सतत कोसळत असलेलं आणि कधीही खाली न येणारं छत! पाऊस लागला की रोमच्या गोरगरिबांच्या खऱ्या फुटक्या छपरांतून पाणी गळत असणार. या पडक्या मंदिरात एक थेंब येण्याची सोय नव्हती. खरं एखादं कौल सरकलं असतं तर साधूमहाराजांनी त्याच दुपारी गवंडी बोलावला असता, आणि चित्रकाराला सांगितलं असतं की डाग पडलाय तेवढा पुसून तिथे पुन्हा आभाळ काढा.

पॅरिसजवळ फ्रांस्वा रासीन द मोंव्हिल या रंगेल जमीनदारानं त्याच्याही पुढे मजल मारली. त्यानं आपल्या बागेत राहायला घर बांधलं ते एका तुटक्या स्तंभाच्या आकाराचं. पुरा असता तर शंभर मीटरच्या वर गेला असता, असा राक्षसी स्तंभ. फक्त बुडखा उरलाय, वरून वाकडातिकडा मोडलाय, असं भासवणारा. आत लंबगोल खोल्या, मधोमध गोल जिना, सगळ्या सोयी. बाहेरून ज्या भेगा दिसतात, त्या वरच्या मजल्याच्या खिडक्या. 1786 मध्ये थॉमस जेफरसन येऊन ते बघून गेला आणि खूश झाला. मला त्या घराच्या गवंड्याबद्दल फार कुतूहल आहे. आयुष्यभर भेग पडू नये म्हणून झटलेल्या त्या माणसाला एक दिवस मालक येऊन सांगतो, की भेग अजून थोडी वरपर्यंत न्या, मला तिथून उजेड हवाय.

इंग्लंडमधला भग्नानंद फिरतीचा. त्याच्या खिशात एक लहान काळसर फुगीर आरसा असायचा, क्लोदच्याच नावानं ओळखला जाणारा. देखाव्याकडे पाठ करायची आणि आरशात बघायचं. मग खरा डोंगर, खरा मठ क्लोदच्या चित्रासारखा तपकिरी आणि गोजिरा दिसतो. कवी टॉमस ग्रे 1769 मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच हातात आरसा उघडून उलटा चालत होता, तो चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. बोटांची सालटं निघाली. पण सूर्यास्त चुकला नाही, हेही त्यानं लिहून ठेवलंय. पाद्री विल्यम गिल्पिन यांची तऱ्हा निराळी. वाय नदीकाठच्या टिंटर्न मठाचे अवशेष त्यांना मनापासून आवडले, फक्त त्रिकोणी भिंती फार सरळ राहिल्या होत्या. कोणी हातोडा घेऊन जरा विचारपूर्वक ठोकाठोक केली तर बरं होईल, असं त्यांनी 1782 च्या पुस्तकात सुचवलं; लगेच पुढे, पण धजणार कोण, असंही म्हटलं. मठ आठव्या हेन्रीनं रिकामा केला, छप्पर त्याच काळात उतरवलं गेलं, अडीचशे वर्षं वारा-पाऊस आपलं काम करत होते. तरी पाद्रीबाबांच्या मते काम अर्धवटच!

धजणारेही निघाले. राजा चौथा जॉर्ज याच्यासाठी लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचे खरे रोमन खांब जहाजानं विंडसरला आणले आणि 1820 च्या दशकात तळ्याकाठी रचून त्यांचं खोटं मंदिर केलं. काही उभे, काही मुद्दाम आडवे. दुसऱ्याच्या गावचा वाडा उपसून आणायचा आणि आपल्या परसात तो पडल्याचं नाटक करायचं, हे राजालाच परवडतं.

ही सगळी मंडळी एका बाजूला ठेवली तरी ह्यूबेर रोबेर उरतोच. तो 1754 मध्ये एकविसाव्या वर्षी रोमला आला, तोही स्टँव्हिलसाहेबांच्याच ताफ्यातून, आणि अकरा वर्षं तिथे राहिला. चित्रकार विजे ल ब्रँ बाईंनी आपल्या आठवणींत सांगितलंय, की करड्या कागदाच्या सहा वह्यांच्या पैजेवर तो एकटा कोलोसियमच्या माथ्यापर्यंत चढून गेला. उतरायला कोणी पैज लावली नव्हती, तरी उतरला. पॅरिसला परतल्यावर त्याला नावच पडलं: अवशेषांचा रोबेर.

1767 च्या प्रदर्शनात त्याची चित्रं पाहून तत्त्वज्ञ दिदरो भारावला, पण एक तक्रार केली. माणसं फार आहेत. अवशेषात एकांत हवा, मन खिन्न व्हायला हवं. चारदोन ठेवा, बाकीच्यांना घालवा. दिदरो खरा भग्नानंद, उसासा टाकायला त्याला मोकळी जागा लागायची. रोबेरनं ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याच्या अवशेषांत धुणं चालू असतं. सम्राटाच्या पुतळ्याच्या हातापासून पलीकडच्या खांबापर्यंत दोरी आणि तिच्यावर पांढरी वस्त्रं. खाली बायका ओणव्या. ज्या शवपेटीत कोणी सेनापती झोपला असेल, तिचा हौद झालेला, त्यात पिळे चाललेत. एखादं पोर खांबाच्या तुकड्यावरून घसरतंय, कुत्रं त्याच्यामागे. काळाच्या अगाध लीलेकडे त्यातलं कोणी ढुंकून बघत नाही. मला हा माणूस बाकी सगळ्यांपेक्षा आवडतो तो या धुण्यामुळे.

आणि गंमत म्हणजे त्याच्यावर खरी वेळ आली. 1781 मध्ये पॅरिसचा ऑपेरा जळला. रोबेरनं आगीचं चित्र काढलं. 1786 मध्ये नोत्र-दाम पुलावरची जुनी घरं पाडायला घेतली, रोबेर हजर. 1789 मध्ये बास्तीयची तुरुंगगढी पडली, तर पाडापाडीच्या पहिल्याच दिवसांत त्यानं ती काढली, वरून दगड खाली येतायत अशी. शहरात कुठे काही पडतंय का यावर त्याचा डोळाच असायचा. मग 1793 मध्ये क्रांतीनं त्यालाच तुरुंगात टाकलं. तिथे कॅनव्हास कुठला मिळायला? जेवायच्या ताटल्या मिळत, त्यांच्यावर तो चित्रं रंगवायचा, आणि ती बाहेर विकली जायची. गिलोटिनच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, पण चुकून दुसऱ्याच एका रोबेरला नेलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो-नसो, ताटल्या आहेत.

सुटून आल्यावर लूव्र संग्रहालयाच्या व्यवस्थापकांत त्याची नेमणूक झाली. राहायलाही तिथेच जागा होती. ज्या मोठ्या दालनाची व्यवस्था त्याच्याकडे, त्याची त्यानं 1796 च्या प्रदर्शनात दोन चित्रं मांडली. एकात दालन कसं सजवावं, छतातून उजेड कसा घ्यावा, चित्रं कशी लावावीत याची रीतसर योजना. दुसऱ्यात तेच दालन शेकडो वर्षांनी: कमान उघडी पडलेली, वर ढग, जमिनीवर मायकेलॅन्जेलोचा गुलाम आडवा, आणि मधे एकटा अपोलोचा पुतळा उभा. मूळ अपोलो तेव्हा अजून व्हॅटिकनमध्येच होता. पॅरिसला तो 1798 मध्ये आला. म्हणजे पुतळा दारात यायच्या आधीच रोबेरनं त्याच्यासाठी घर बांधून, पाडून तयार ठेवलं होतं. अपोलोसमोर एक चित्रकार बसून त्याचं रेखाटन करतोय. बाजूला कोणीतरी शेकोटी पेटवलीये. छत पडलं, राज्यं बुडाली, पण स्वयंपाकाला उशीर नको.

पुढच्या शतकात हे वेड पॅरिसहून लंडनला गेलं आणि तिथे त्याला हिशेबी वळण लागलं. वास्तुविशारद जॉन सोन यांनी आयुष्याची पंचेचाळीस वर्षं बँक ऑफ इंग्लंडची इमारत बांधण्यात घालवली. त्यांच्या सांगण्यावरून जोसेफ गँडी यांनी 1830 मध्ये त्या बँकेचं चित्र काढलं: वरून पाहिलेली, छपरं उडालेली, दालनं उघडी, कडेला ढिगारे. ठेवीदारांनी ते कसं घेतलं कोण जाणे. 1840 मध्ये, आपल्याला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या मेकॉलेसाहेबांनी लिहिलं, की पुढे कधीतरी न्यूझीलंडहून कोणी येईल आणि लंडन ब्रिजच्या मोडक्या कमानीवर बसून सेंट पॉलच्या अवशेषाचं चित्र काढील. 1872 मध्ये गुस्ताव्ह दोरेनं तो न्यूझीलंडवाला वहीसकट काढूनही दाखवला. अजून कोणी आलेलं नाही.

बँक मात्र खरंच पडली. 1920 आणि 30 च्या दशकांत हर्बर्ट बेकर यांनी (दिल्लीची सचिवालयं यांचीच) बाहेरची भिंत ठेवून सोनचं आतलं बहुतेक काम उतरवलं. रानअंजीर नाही, तिरपं ऊन नाही, झगा पांघरलेला म्हातारा नाही. गाड्या आल्या, दगड-विटा भरल्या, गेल्या.

सोन यांचं स्वतःचं घर लिंकन्स इन फील्ड्सवर आहे. 1812 मध्ये त्यांनी एक टिपण लिहिलं होतं, की हे घर पुढे पडेल आणि कोणी संशोधक ढिगाऱ्यात उभा राहून हे देऊळ होतं की मठ, असा घोळ घालेल. त्यात त्यांचं मन रमलंही बरंच. मग 1833 मध्ये त्यांनी पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, की आपल्यामागे हे घर शक्य तितकं जसंच्या तसं राखावं. आजही ते तसंच आहे. गँडीची पडकी बँकही तिथेच, चौकटीत. भिंतीला ओल धरू दिली जात नाही.